भोसरीत पास, नागपुरात फेल: एका बोर्डाच्या पॅकिंगचं प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. भोसरी एमआयडीसीतलं एक मध्यम साईजचं जॉबवर्क युनिट, मी तिथे टेस्टिंग आणि क्वालिटी बघतो. सोलर पंपाच्या कंट्रोलरचा एक बोर्ड आमच्याकडे बनतो, तळहातापेक्षा थोडा मोठा, एका बाजूला स्क्रू टर्मिनलची रांग, समोरच्या कडेला सहा पिनांचा छोटा हेडर (केबल लावायचा उघड्या पिनांचा कनेक्टर), मधे मायक्रोकंट्रोलर आणि घड्याळ चालू राहावं म्हणून एक बटण सेल. बोर्ड भरला की प्रोग्रॅम टाकायचा, मग वरून कोटिंग (शेतात लागणार, धूळ-ओल असणारच), मग फायनल टेस्ट, मग पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टने नागपूरला रवाना, कारण कस्टमरचं पॅनल जोडायचं युनिट तिकडे हिंगण्याला.

तक्रार अशी यायची की आमच्या टेस्टला शंभर टक्के पास झालेले बोर्ड तिकडे बॉक्स उघडून जोडले की त्यातले काही बोलतच नाहीत. म्हणजे पॉवर घेतात, एलईडी लागतो, पण हेडरला केबल लावून पंपाचे पॅरामीटर टाकायला गेलं की कम्युनिकेशन फेल. काही बोर्ड नुसतेच गरम व्हायचे. आणि थोडे असे की तिकडेही पास व्हायचे, शेतात बसायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, हे सगळ्यात वाईट कारण मग कस्टमरचा माणूस गाडी घेऊन कुठेतरी काटोलच्या पलीकडे जाणार आणि त्या सगळ्या खर्चाचं डेबिट नोट आमच्या नावाने.

आता गंमत बघा, तक्रारी वर्षभर नव्हत्या. होळीच्या आसपास सुरू व्हायच्या, पहिला पाऊस पडला की बंद, आणि दिवाळी उरकून थंडी पडली की परत. आदल्या वर्षीही हेच झालं होतं, तेव्हा चिपचा लॉट खराब म्हणून सप्लायरच्या गळ्यात मारून विषय संपवला होता आणि पावसाळ्यात तक्रारी थांबल्या तर सगळ्यांना वाटलं लॉट बदलला म्हणून थांबल्या. असा योगायोग जुळला की खरं कारण एक वर्ष पुढे ढकललं जातं.

परत आलेले बोर्ड टेबलावर घेतले तेव्हा पहिला संशय ट्रान्सपोर्टवर. समृद्धीवरून जाऊ दे नाहीतर जुन्या रस्त्याने, गोडाऊनला बॉक्स आपटतातच, सिरॅमिक कपॅसिटर तडकतात, सोल्डर सुटतो. भिंगाखाली घातले, तडा एकाही बोर्डाला नाही. मग मल्टिमीटर डायोड मोडवर घेतला, लाल प्रोब ग्राऊंडला आणि काळा एकेका पिनला, एक चांगला बोर्ड शेजारी ठेवून. ही पद्धत फुकटची आहे आणि अर्धं निदान इथेच होतं: चिपच्या प्रत्येक पिनला आत एक प्रोटेक्शन डायोड असतो, तो चांगला असेल तर साधारण ०.५ ते ०.६ दाखवतो, आणि पिन मेली असेल तर शॉर्टच्या जवळ येतो किंवा काहीतरी भलताच आकडा. मेलेल्या बोर्डांवर बहुतेक वेळा त्याच दोन पिना मिळत होत्या आणि त्या दोन्ही थेट कडेच्या हेडरला जातात. मधे ना रेझिस्टर ना काही.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे स्टॅटिकचं, म्हणजे वस्तू घासून-सुटून साठणाऱ्या विजेच्या झटक्याचं, काम असणार. कारण स्क्रू टर्मिनलची बाजू, जी बाहेरच्या जगाला दिसते, तिला डिझायनरने टीव्हीएस डायोड (झटका स्वतःवर घेऊन पिन वाचवणारे) दिलेत, सिरीज रेझिस्टर दिलेत, त्या बाजूची एकही पिन गेलेली नव्हती. हेडरला काहीच नाही दिलं कारण तो म्हणे "फक्त फॅक्टरीतच वापरायचा". चिप बदलली की बोर्ड जिवंत, म्हणजे बाकी सर्किट ठणठणीत.

मीटिंगमध्ये हे सांगितलं तर प्रॉडक्शनवाले लगेच चवताळले. आमच्याकडे सगळ्यांना रिस्ट स्ट्रॅप (मनगटाचा अर्थ केलेला पट्टा) आहे, टेबलावर चार्ज अर्थला नेणारी निळी मॅट आहे, दाराशी टेस्टर आहे, सकाळी प्रत्येक जण हिरवा लाईट बघून आत जातो आणि रजिस्टरला सही करतो, मग स्टॅटिक कुठून येईल? साहेबांनीही मान डोलावली. आणि खरं सांगतो, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. असेंब्लीच्या लाईनवर शिस्त चांगलीच होती. फक्त सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती की स्टॅटिक म्हणजे माणसाच्या अंगातली वीज, ती पट्ट्यातून उतरवली की काम झालं.

थोडं थिअरीत जातो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माणसाच्या अंगावर चार्ज जमतो आणि तो बोटातून चिपला बसतो, ह्याचं मॉडेल म्हणजे ह्युमन बॉडी मॉडेल, १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५०० ओहमचा रेझिस्टर, हा रेझिस्टर म्हणजे आपली कातडी-मांस धरा. आमच्या चिपच्या डेटाशीटमध्ये ह्या मॉडेलला २००० व्होल्ट सहन करेल असं लिहिलंय. आपल्याला बोटाला चटका जाणवतो तोच मुळात ३००० व्होल्टच्या आसपास, म्हणजे काहीही न जाणवता चिप मरू शकते हे तर आहेच. पण आमच्या केसमध्ये माणूस हा मुद्दाच नव्हता. बोर्ड स्वतःच चार्ज होत होता. बोर्डात तांब्याची अख्खी प्लेन (सलग थर) असते, ती एकट्या चिपपेक्षा कितीतरी जास्त चार्ज धरते, आणि असा चार्ज झालेला बोर्ड धातूला टेकला की मधे १५०० ओहम वगैरे काही नसतं, धातूला धातू लागतो आणि सगळा चार्ज काही नॅनोसेकंदात एका पिनमधून निघून जातो. ह्याला चार्ज्ड बोर्ड इव्हेंट म्हणतात. डेटाशीटमधले २००० व्होल्ट इथे काही कामाचे नाहीत, आणि मेलेली चिप उघडून बघितली तर नुकसान एवढं मोठं दिसतं की लोक त्याला ओव्हरव्होल्टेज समजून पॉवर सप्लायच्या मागे लागतात.

बोर्ड चार्ज कशाने होतो? प्लास्टिकने. आणि प्लास्टिकला पट्टा बांधता येत नाही. साधी पॉलिथिन पिशवी, थर्माकोल, ब्राऊन टेप, फाईलचे ट्रान्सपरंट पॉकेट, ह्यांना तुम्ही अर्थची वायर लावलीत तरी चार्ज जागचा हलत नाही कारण तो वाहूच शकत नाही. वर असं की प्लास्टिकने बोर्डाला शिवायलाही लागत नाही, नुसतं जवळ असलं तरी त्याच्या फिल्डमुळे बोर्डावरचे चार्ज इकडे-तिकडे सरकतात, त्या अवस्थेत बोर्ड कुठे अर्थला टेकला की एक झटका, आणि मग प्लास्टिक बाजूला गेल्यावर बोर्ड उलट्या चार्जने भरलेला राहतो, परत टेकला की दुसरा झटका.

आणि होळी ते पाऊस हे गणित? जुन्या अमेरिकन लष्करी हँडबुकातला एक तक्ता ह्या लाईनमध्ये सगळीकडे फिरतो. टेबलावरून साधी पॉलिथिन पिशवी उचलली की हवा कोरडी असताना (१० ते २० टक्के आर्द्रता) २०,००० व्होल्ट, आणि दमट असताना (६५ ते ९० टक्के) १,२०० व्होल्ट. विनाईलच्या फरशीवर चालणं १२,००० विरुद्ध २५०. थंडीत स्वेटर काढताना जे चटचट वाजतं ते जुलैत वाजत नाही, तेच हे. मार्चच्या दुपारी आमच्या पॅकिंगच्या टेबलावर आर्द्रता मीटर ठेवला तर २२ टक्के.

तर मी फिल्ड मीटर (न टेकता वस्तूवरचा चार्ज व्होल्टमध्ये दाखवणारा) मागून आणला आणि प्रॉडक्शन लाईन सोडून थेट पॅकिंगला जाऊन बसलो. पॅकिंग आमच्याकडे शेडच्या दुसऱ्या टोकाला, शटरपाशी, कारण गाडी तिथे लागते. जिथे पिवळी पट्टी मारून इएसडी एरिया (इएसडी म्हणजे स्टॅटिकचा डिस्चार्ज) लिहिलंय ती पट्टी त्याच्या वीस पावलं आधीच संपते. म्हणजे ज्या बोर्डाला आत सगळे पट्टे लावून हात लावतात तोच बोर्ड फायनल टेस्टनंतर साध्या निळ्या भाजीच्या क्रेटमधून बाहेर येतो आणि तिथून पुढे तो जणू तयार माल, कुणाची काही जबाबदारी नाही. तिथे दोन मावशी आणि एक नवीन पोरगा. टेबलावर मॅट होती खरी, पण तिची वायर बघत बघत गेलो तर ती खिडकीच्या ग्रीलला गुंडाळलेली! ग्रील भिंतीत, भिंत कोरडी, त्यावर ऑईल पेंट. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "इलेक्ट्रिशियन दादा म्हनले लोखंडाला लावा, लावलं."

मग प्रत्येक स्टेप मीटर धरून बघितली. मीटर वस्तूपासून एक इंचावर धरायचा असतो. साध्या पिशवीत बोर्ड सरकवला, पिशवीवर सहा-सात हजार. थर्माकोलचा ट्रे, पाच हजाराच्या पुढे, आणि तो तासाभराने परत बघितला तरी जवळपास तेवढाच. ब्राऊन टेपचा रोल खर्रकन ओढला तर काटा दहा हजाराच्या वर. टेस्ट रिपोर्ट चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या पॉकेटमध्ये घालून बोर्डालाच चिकटवून आत ठेवत होते, ते पॉकेट तीन हजार. बरं पर्चेसने स्टॅटिक अडवणाऱ्या चंदेरी पिशव्या आणल्या नव्हत्या असं नाही, आणल्या होत्या, पण त्या महाग म्हणून "सॅम्पलला" राखून ठेवल्या होत्या आणि रोजच्या मालाला गुलाबी बबल रॅप आणि वरून साधी पॉलिथिनची पिशवी. गुलाबी आहे म्हणजे अँटिस्टॅटिक, झालं ना काम, असा सगळ्यांचा समज.

ह्या गुलाबी रंगावर जरा बोलायलाच हवं, कारण इथे जेवढा गोंधळ आहे तेवढा कशातच नाही. गुलाबी प्लास्टिकमध्ये एक केमिकल मिसळलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं, त्या ओलीमुळे चार्ज पसरून जातो. म्हणजे ते ओलीवर चालतं, आणि आपल्याला गरज असते नेमकी हवा कोरडी असताना. शिवाय ते केमिकल उडतं, पुसलं जातं, जुन्या रोलमध्ये उरत नाही. आमचा रोल गोडाऊनमध्ये पत्र्याखाली किती उन्हाळे पडून होता देव जाणे, त्याचा सरफेस रेझिस्टन्स मोजला तर मीटरच्या शेवटच्या आकड्याच्या पलीकडे, म्हणजे साधं प्लास्टिकच, फक्त गुलाबी. आणि समजा रोल ताजा असता तरी गुलाबी पिशवी एवढंच करते की स्वतः फार चार्ज होत नाही. बाहेरून आलेला झटका किंवा फिल्ड ती अडवत नाही. अडवायला धातूचा थर लागतो, तो चंदेरी पिशवीत असतो, बाहेर पॉलिएस्टर, मधे ॲल्युमिनियमचा पातळ थर, आत अँटिस्टॅटिक पॉलिथिन. पॅकेजिंगचं एएनएसआय/इएसडी एस ५४१ नावाचं स्टँडर्ड आहे त्यात शिल्डिंगची परीक्षा अशी की बाहेरून १००० व्होल्टचा डिस्चार्ज द्यायचा आणि आत किती एनर्जी पोचली ते मोजायचं, पूर्वी ५० नॅनोज्यूलपर्यंत चालायचं, आता २० च्या आत पाहिजे. गुलाबी पिशवी ह्या परीक्षेला बसतच नाही.

हे आकडे मावशींना सांगून काय उपयोग, म्हणून एक छोटा प्रयोग केला. जेएफईटीचं (हा एक ट्रान्झिस्टर) जुनं सर्किट असतं ना, गेटला उघडी तार, ड्रेनला एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी, निगेटिव्ह चार्ज झालेली वस्तू जवळ आणली की एलईडी विझतो. ते आधी उघडं ठेवून टेपचा तुकडा जवळ नेला, एलईडी विझला. मग आमच्याच गुलाबी रॅपमध्ये गुंडाळलं, टेप जवळ नेली, विझला. मग चंदेरी पिशवीत घालून तोंड दुमडलं, त्या पिशवीतून आतलं अंधुक दिसतं, टेप जवळ नेली, एलईडी जसाच्या तसा. मग पिशवीचं तोंड उघडं ठेवून त्याच बाजूने टेप आणली तर परत लुकलुकला. मोठ्या मावशी म्हणाल्या, "म्हंजे तोंड उघडं टाकलं तर पिशवी घालून न घालून सारखंच की." त्या दिवसानंतर त्यांच्या टेबलावर पिशवीचं तोंड दुमडलेलं नाही असं मी कधी बघितलं नाही, आणि पुढे ट्रेनिंगच्या पीपीटीत मी ते एक वाक्यच टाकलं, बाकी स्लाईडा काढल्या.

पण इथपर्यंत येऊनही एक गोष्ट जुळत नव्हती. पॅकिंग एवढं वाईट तर कुठलीही पिन जायला पाहिजे होती, ह्याच दोन का? हेडर उघडा आहे हे कारण आहेच, पण तरी. ते उत्तर तिथेच बसल्या बसल्या समोर दिसलं. कोटिंग मारताना हेडरवर कोटिंग जाऊ नये म्हणून त्याच्यावर पिवळी कॅप्टॉन टेप (प्लास्टिकचीच, उष्णता सहन करणारी) मारतात. ती टेप कधी काढतात? तर पॅकिंगला! कोटिंगवाले म्हणायचे टेस्टवाले काढतील, टेस्टची जिग (बोर्ड बसवून तपासायचा साचा) टर्मिनलवरून चालते त्यामुळे त्यांना हेडरची गरजच नाही, म्हणून ते तसाच पुढे ढकलायचे, आणि शेवटी मावशी नखाने कोपरा उचलून फर्रकन ओढायच्या. बोर्ड अर्थ नसलेल्या मॅटवर, टेप हेडरच्या पिनांवरूनच सुटतेय, आणि मीटर त्या सुटलेल्या टेपवर काही हजार दाखवतोय. आणि सगळ्यात कहर म्हणजे ह्याच्यानंतर एकही टेस्ट नाही. फायनल टेस्ट आधीच झाली, पासचा स्टिकर लागला. म्हणजे आम्ही बोर्ड पास करत होतो, मग मारत होतो, मग पॅक करत होतो.

कोटिंगबद्दलही एक समज होता, कोटिंग मारलं की बोर्डाला स्टॅटिकचा धोका नाही. उलट आहे. कोटिंग म्हणजे प्लास्टिकचाच थर, तो घासला की चार्ज होतो, आणि हेडरच्या पिना तर उघड्याच राहतात.

उपाय करताना साहेबांना घाई, कस्टमर डोक्यावर बसलेला, त्यामुळे सगळं एकदम बदललं. क्वालिटीच्या पुस्तकाप्रमाणे एकेक बदल करून बघायला हवं होतं, पण ते ऐकणार कोण. त्यातल्या त्यात एवढं केलं की टेप काढणं फायनल टेस्टच्या आधी आणलं आणि जिगमध्ये हेडरच्या पिनांची लीकेज टेस्ट घातली, बाकी काहीही बदलायच्या आधी. त्याच आठवड्यात आमच्याच टेस्टला बोर्ड फेल व्हायला लागले, तेच दोन पिनवाले. प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणजे टेपचा वाटा तिथेच सिद्ध झाला. मग टेप बदलून कमी चार्जवाली घेतली, हळू आणि बोर्डाला समांतर ओढायची असं शिकवलं, आणि त्या टेबलावर आयोनायझर बसवला, जो हवेत दोन्ही प्रकारचे आयन सोडतो. प्लास्टिकचा चार्ज घालवायचा दुसरा व्यवहार्य मार्ग मला तरी माहीत नाही. आयोनायझर लावून विसरून चालत नाही, त्याच्या सुया घाण होतात आणि एकाच प्रकारचे आयन जास्त यायला लागले की आयोनायझरच बोर्डाला चार्ज करतो. एस २०.२० ह्या स्टॅटिक-कंट्रोलच्या स्टँडर्डला ऑफसेट (आयनांच्या असमतोलाने उरणारा व्होल्टेज) अधिक-उणे ३५ व्होल्टच्या आत लागतो, म्हणून दर महिन्याला तपासायचा.

अर्थिंगचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं निघालं. ग्रीलची वायर काढून मॅट पॅनलच्या अर्थबारला नेली, आणि तेव्हा कळलं की पॅकिंगच्या बाजूच्या एक्स्टेंशन बोर्डात अर्थची वायर आत लावलेलीच नाही, तीन पिनचा सॉकेट नुसता दिसायला. दाराशी असलेला टेस्टर काय तपासतो? तुमचा पट्टा आणि तुमचं अंग. पट्टा ज्या टेबलाला लावणार त्याला अर्थ आहे का हे तो बघत नाही. सगळे वर्षानुवर्षं हिरवा लाईट बघून सही करत होते. रिस्ट स्ट्रॅपमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो तो माणसाच्या सेफ्टीसाठी, चुकून फेजला हात लागला तर करंट मर्यादित राहावा म्हणून, त्यामुळे "वायर तुटली तर साधी वायर जोडून टाक" हे जुगाड करू नका. आणि मॅट साध्या काच पुसायच्या स्प्रेने पुसू नका, काही स्प्रेचा थर राहतो आणि मॅट वरून इन्सुलेटर होऊन बसते.

पॅकिंगचं टेबल पट्टीच्या आत आणलं. भाजीचे क्रेट गेले, काळे कंडक्टिव्ह क्रेट आले. प्रत्येक बोर्ड स्वतंत्र चंदेरी पिशवीत, पिशवी बोर्डापेक्षा चांगली मोठी, म्हणजे तोंड दुमडून वर लेबल लावता येतं. स्टेपलर बंद, कारण पिन पिशवीला भोक पाडते आणि बाहेरून आत धातूचा रस्ताच तयार करते. बबल रॅप पिशवीच्या बाहेर, आत काही नाही, ना कागद ना पॉकेट, रिपोर्ट बॉक्सच्या वरच्या फ्लॅपमध्ये. थर्माकोलच्या जागी पुठ्ठ्याच्या खणांचा बॉक्स, दिसायला गरीब पण मोजलं तर थर्माकोलपेक्षा कितीतरी शांत. जुनी पिशवी परत वापरायची असेल तर उजेडापुढे धरायची, घड्यांच्या रेषा पांढऱ्या पडल्या असतील किंवा भोकं दिसली तर फेकायची. आमच्या बोर्डाला खालून टर्मिनलचे पाय टोचतात, त्यांनी सुरुवातीच्या पातळ पिशव्यांना भोकं पाडली, मग जाड गेजच्या घेतल्या.

पर्चेसवाल्याने मधे एक भारी आयडिया काढली होती. काळा कंडक्टिव्ह फोम स्वस्तात मिळतोय, बोर्ड त्याच्यावर दाबून पाठवू, एकदम सेफ. आयसीच्या पायांसाठी तो फोम उत्तम आहे, पण आमच्या बोर्डावर बटण सेल आहे! कंडक्टिव्ह वस्तू त्या सेलच्या दोन्ही टोकांना टेकली की सेल हळूहळू रिकामा होणार, आणि नागपूरला बोर्ड जिवंत पोचेल पण घड्याळ मेलेलं. काळ्या कंडक्टिव्ह पिशवीचंही तेच. चंदेरी पिशवीची आतली बाजू डिसिपेटिव्ह असते, तिचा रेझिस्टन्स इतका जास्त की सेलला फरक पडत नाही. पण म्हणून चंदेरी पिशवीवर मदरबोर्ड ठेवून पॉवर देणारे व्हिडिओ बघून तसं करू नका, काही पिशव्यांमध्ये धातूचा थर बाहेरच्या बाजूला असतो.

मे महिन्यात मी स्वतः हिंगण्याला गेलो, त्या उन्हात कुणी हौसेने जात नाही. तिकडचं चित्र वेगळंच मजेशीर. गुड्स इनवर्डला मोठा कूलर लावलेला, पाण्याचे थेंब उडतायत, तिथे आर्द्रता चांगली पन्नासच्या वर. तिथल्या माणसाला मोजणी करायची आणि सिरियल नंबर टिपायचे म्हणून तो प्रत्येक पिशवी फोडून बोर्ड बाहेर काढत होता आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एकावर एक रचत होता, पिशव्या बाजूला ढीग. मग ते ट्रे ढकलत एसी असेंब्ली हॉलमध्ये जायचे, तिथे हवा एकदम कोरडी, आणि लोखंडी पॅनलवर बोर्ड बसवताना हेडरच पहिला पत्र्याला टेकायचा. त्याला काही बोललो नाही, त्याची काय चूक, त्याला मोजून घ्यायला सांगितलंय. सिरियल नंबरचा बारकोड आम्ही पिशवीच्या बाहेर लावायला लागलो आणि पिशवी फोडायचं कारणच संपलं. "इएसडी टेबलावरच उघडा" हे मराठी-हिंदीत दुसरं लेबल. हात आणि त्यावर तिरकी रेघ असलेला त्रिकोण आधीपासून होताच, पण तो कुणाला कळत नव्हता, एकाने मला सांगितलं की त्याला वाटायचं ओल्या हाताने धरू नका असा अर्थ आहे.

कूलर बघून तिकडच्या मॅनेजरने विचारलं, मग हॉलमध्येही कूलर लावू का? आर्द्रता वाढली की स्टॅटिक कमी होतं हे खरंय, पण एस २०.२० तिच्यावर अवलंबून राहायला सांगत नाही, अर्थ आणि पॅकिंग नीट करायला सांगतं, आणि उघड्या रीलमधले आयसी ओल पितात ते वेगळंच दुखणं.

पुढची होळी गेली, उन्हाळा गेला. बोलत नाही म्हणून परत आलेला बोर्ड अगदीच तुरळक, आणि त्यातले दोन-चार उघडले तर वायरिंग उलटं केलेलं. टेपमुळे किती आणि पिशवीमुळे किती हे विभागून सांगता येणार नाही, दोन्ही एकाच महिन्यात बदललं. शेतात जाऊन मरणारे मात्र अजून पूर्ण थांबलेले नाहीत, पण त्यातला बराचसा जुना माल आहे, ज्याला तेव्हाच अर्धी इजा होऊन बसलीय. डिझायनरने पुढच्या रिव्हिजनमध्ये हेडरला दोन रेझिस्टर आणि एक टीव्हीएस ॲरे टाकलाय, काही रुपयांचा खर्च, तो सुरुवातीलाच टाकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती असं तो सोडून सगळे म्हणतात.

राहिला रिटर्न माल. शेतातून काढलेला खराब बोर्ड तिकडचा सर्व्हिसचा पोरगा वर्तमानपत्रात गुंडाळून बाईकच्या डिकीत टाकतो किंवा मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत, आणि तो आमच्याकडे आला की कळायला मार्ग नाही की मेलेली पिन शेतात मेली की डिकीत. म्हणून आता प्रत्येक बॉक्समध्ये काही रिकाम्या चंदेरी पिशव्या आणि वर आमचा पत्ता छापलेलं लेबल टाकतो. निम्म्या परत येतात. मागच्या खेपेला एका पिशवीत बोर्डासोबत मोबाईलचा चार्जर पण आला, तो पोराला फोन करून कुरियरने पाठवला, आणि पिशवीचं तोंड त्याने व्यवस्थित दुमडलेलं होतं म्हणून काही बोललो नाही.